पत्र्याची पत्रिका

घर मनुष्य एकदाच बांधतो. परंतु बांधलेल्या घरात फेरफार करण्याची इच्छा मात्र त्यास दर बारा वर्षांनी, नाशिकच्या सिंहस्थासारखी, न चुकता होते, आणि तिचा उगम बहुधा पुरुषाच्या डोक्यात नसून मेथी निवडणाऱ्या गृहिणीच्या एखाद्या सहज उद्गारात असतो. आमच्या घरी हे पर्व गेल्या चैत्रात सुरू झाले. "अहो, ही मागली पडवी आत घेऊन स्वयंपाकघर जरा मोठं केलं तर?" एवढेच आमचे कुटुंब म्हणाले, परंतु हायस्कुलात छत्तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या मनुष्यास हे पक्के ठाऊक असते की घराण्यात जे प्रश्नाच्या रूपाने येते ते पुष्कळदा फर्मान असते, आणि त्यावर 'पाहू' असे उत्तर देणे म्हणजे ते शिरसावंद्य मानल्याची पोच देणे होय.

त्यानंतर रीतीप्रमाणे सर्व तपासण्या झाल्या. वास्तुशास्त्राच्या एका जाणकाराने ओट्यावर होकायंत्र ठेवून, आमचा गॅस आजवर भलत्याच दिशेला तोंड करून पेटत आल्याचा निकाल दिला; पंचांगातून मुहूर्त निघाला; बोअरच्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासून आणला; आणि मिस्त्रीने, वैद्याने पोट तपासावे तसे, बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करून "भिंत एक नंबर हाये सर, शंभर वर्सं हलायची न्हाई" असा अभिप्राय दिला व त्याच श्वासात ती पाडण्याचा दर सांगितला. भिंत, पाणी, दिशा, ग्रह, या सर्वांचे जाबजबाब झाले. राहिला तो एकटा, पन्नास वर्षे आमच्या डोक्यावर निमूट पडून असलेला पत्रा. आणि त्याची पत्रिका पाहावी हे कोणाच्याही मनात आले नाही. ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरची घरे दारावाचून निर्धास्त उभी आहेत, तेथे छपराविषयी संशय घेणे शिष्टाचारास सोडूनच झाले असते.

या पत्र्याची कुळकथा अशी. आम्ही मूळचे माळीवाड्यातले. तेथील वाड्यावर माळवद होते, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. वैशाखात त्याखाली स्वर्गसुख असे, परंतु मृग लागला की ते माळवद आमच्या आमटीत स्वतःचा वाटा घालू लागे. १९७४ साली वडिलांनी सावेडीच्या माळावर घर बांधले, पुढच्या खोल्यांवर स्लॅब घातला, आणि पैसे संपले त्या ठिकाणापासून मागे पत्रा घातला. लोखंडी पत्रा म्हणजे उन्हाळ्यात तवा आणि पावसाळ्यात नगारा. उलट हा नवा करडा, पन्हळीचा पत्रा कमी तापे, गंजत नसे, त्यास वाळवी लागत नसे, आणि पाऊस पडत असताना त्याखाली दोन माणसांस भांडण करता येत असे. वडील त्यास 'सिमेंटचा पत्रा' म्हणत आणि नगरच्या बाजारात आजही त्यास सिमेंटचा पत्राच म्हणतात. परंतु त्यांच्या जमाखर्चाच्या वहीत जांभळ्या शाईत, मोडीचे वळण न सुटलेल्या अक्षरात, जी नोंद आहे ती अशी : 'ए.सी. शीट, १५ नग.' ही नोंद कुटुंबाच्या वाचनात आली तेव्हापासून तिच्या माहेरच्या मंडळींत आमच्या पडवीविषयी एक प्रकारचा आदर उत्पन्न झाला, आणि ज्येष्ठाच्या दुपारी तेथे बसलेल्या पाहुण्यास घाम फुटला म्हणजे तो दोष स्वतःच्या प्रकृतीकडे घेऊ लागला. 'ए.सी.' म्हणजे वातानुकूलन नव्हे, तर अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंट, हा खुलासा आमच्या घराण्यात होण्यास मेलबर्नहून फोन यावा लागला.

पंधरा नगांपैकी चौदा छपरावर चढले. पंधरावा 'पुढेमागे लागेल' या सदराखाली परसात चार विटांवर आडवा राहिला, आणि गेली तीस वर्षे दर फाल्गुनात त्यावर धुतलेले धोतर अंथरून कुरडया वाळत आल्या आहेत. त्याच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

आमची कन्या व जावई मेलबर्नला असतात. त्यांनी एक जुने घर घेतले, आणि त्यातले न्हाणीघर बदलण्याचे मनात आणताच त्यांना प्रथम कारागिरास नव्हे तर तपासनिसास बोलवावे लागले. कारण घर १९९० पूर्वीचे असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालावे, असा त्या देशातला सल्ला आहे, आणि ३१ डिसेंबर २००३ पासून तर त्या पदार्थाची आयात, विक्री व नवा वापर तेथे सर्वस्वी बंद आहे. तपासनीस आला, भिंतीचा नखाएवढा तुकडा घेऊन गेला, तो दोषी ठरला, आणि मग डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेले दोन पुरुष, चंद्रावर उतरावे तसे, तिच्या मोरीत उतरले. हे वर्णन झाल्यावर तिने विचारले, "बाबा, आपल्या पडवीचा पत्रा कशाचा आहे हो?"

"सिमेंटचा."

"नुसता सिमेंटचा?"

त्या 'नुसता' शब्दाने माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

निवृत्त शिक्षकास भय वाटले म्हणजे तो वाचू लागतो. अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ 'न विझणारा' असा आहे, आणि हा खनिज तंतू खडकात जन्मून कापसासारखा पिंजता येतो, हे मला प्रथम समजले. आगीत न जळणारे वस्त्र सॅलमँडर नामक प्राण्यापासून निघते, अशी युरोपात एके काळी समजूत होती. मार्को पोलोने स्वच्छ लिहून ठेवले की यात प्राणी वगैरे काही नसून तो डोंगरातून खणून काढलेला पदार्थ आहे. पुढे ऑस्ट्रियातील लुडविग हॅट्शेक या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हा तंतू सिमेंटात कालवून पातळ, हलके ताव काढण्याची कृती शोधली, तिचे पेटंट घेतले, आणि लॅटिन भाषेतील 'शाश्वत' या अर्थाच्या शब्दावरून आपल्या मालाचे नाव 'एटर्निट' ठेवले. अग्नी ज्यास जाळीत नाही असे वर्णन आपण आजवर आत्म्याचेच ऐकले होते. ते इतक्या स्वस्त दरात छपरावर घालता येईल, ही कल्पना कोणास मोह पाडणार नाही? हिंदुस्थानात १९३४ साली मध्य प्रांतातील कैमोर येथे असले पत्रे काढण्याचा कारखाना निघाला. आपल्या नेहमीच्या पन्हळी पत्र्याची जाडी सहा मिलिमीटर, आणि त्यात तंतूचे प्रमाण शंभरात आठ ते दहा. जुन्या हिशेबाने सांगावयाचे तर रुपयात दीड आणा तंतू आणि साडेचौदा आणे सिमेंट वगैरे. तेव्हा 'सिमेंटचा पत्रा' म्हणणारा दुकानदार खोटे बोलतो असे कोणी म्हणू नये. तो साडेचौदा आणे खरे बोलतो. वाद काय तो उरलेल्या दीड आण्याचा.

त्या दीड आण्याचे उपकारही नाकबूल करता येणार नाहीत. ऊसतोडणीच्या हंगामात प्रवरेच्या काठी पाचटाच्या कोप्या दाटीने उभ्या राहिलेल्या ज्याने पाहिल्या असतील, आणि चुलीतली एक ठिणगी उडाली तर तेथे काय होईल याची ज्यास कल्पना असेल, त्यास न जळणाऱ्या छपराची थोरवी सांगावी लागत नाही. परंतु अग्निपरीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला हा तंतू श्वासाच्या परीक्षेत नापास झाला. इंग्लंडातील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीत काम केलेली नेली कर्शॉ ही बाई १९२४ साली ऐन तारुण्यात वारली, आणि तिच्या फुप्फुसांत रुतलेल्या कणांविषयी डॉक्टर कुक यांनी त्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले. तंतू डोळ्यास दिसत नाही, नाकास कळत नाही, छातीत गेला तर बाहेर येत नाही, आणि रोग प्रकट होतो तो वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी. म्हणजे दिवाणी दाव्यासारखा, बापाने लावावा आणि मुलाच्या हयातीत निकाल लागावा.

मात्र पत्रा धडधाकट आहे तोवर तंतू सिमेंटात कैदेत असतो. कैद म्हणजे काय हे नगरच्या मनुष्यास सांगावयास नको. १९४२ साली काँग्रेसची कार्यकारिणी आमच्याच किल्ल्यात आणून ठेवली होती. फरक एवढाच की ते कैदी सुटले तेव्हा देशाचे कल्याण झाले, आणि हा कैदी सुटतो तो मिस्त्रीने पत्र्यावर कोरडा कटर चालवला की, पांढऱ्या धुरळ्याच्या रूपाने, मिस्त्रीच्याच नाकात.

सरकारचे याबाबतचे धोरण समजून घेण्यासाठी सोवळ्यातील स्वयंपाकाचे ज्ञान उपयोगी पडते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे आपल्याकडे १९८६ पासून थांबले, आणि जुन्यांचे नूतनीकरण करणे १९९३ पासून. परंतु तोच पदार्थ परदेशातून, मुख्यत्वे रशियातून, जहाजे भरभरून येतो आणि त्याचे पत्रे राजरोस निघतात. घरात कांदा चिरावयाचा नाही, परंतु बाजारातून आलेल्या कांदाभज्यांस प्रत्यवाय नाही, असाच हा प्रकार. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी या धंद्यातील कामगाराच्या प्रकृतीची नोंद किमान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा हुकूम दिला. त्या पत्र्याखाली जन्मभर राहणाऱ्या गृहस्थाची नोंद मात्र कोणत्याच दफ्तरी होत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात तर 'अ‍ॅस्बेस्टॉस' याच नावाचे एक शहर होते. खाण बंद पडली, नाव ऐकताच पाहुणा बिचकू लागला, तेव्हा तेथील रहिवाशांनी २०२० साली मतदान करून त्याचे नामांतर केले. नामांतराचा विषय आम्हांस परका नाही. चौंडीस जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव आमच्या जिल्ह्यास २०२४ साली मिळाले; परंतु तत्पूर्वीही आम्ही 'नगर' म्हणत होतो आणि आताही एसटीत बसून 'एक नगर द्या' असेच म्हणतो. पत्र्याचे नामांतर त्याहून सफाईदार झाले. ना मतदान, ना ठराव, ना राजपत्र; जन्मल्या दिवशीच तो सिमेंटचा झाला.

आता तपासणी कोठे करावी? प्रथम मी पत्र्याच्या दुकानात गेलो आणि बिनअ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा कसा ओळखावा असे विचारले. "सर, आपल्याकडं ते अ‍ॅस्बेस्टॉस-बिस्बेस्टॉस काही नसतंच, सगळा सिमेंटचाच माल," असे म्हणून दुकानदाराने चहा मागवला. एका महाविद्यालयात माझा जुना विद्यार्थी रसायन शिकवतो. त्याने आदराने खुर्ची दिली, पाण्यातील क्षार, मातीतील नत्र आणि दुधातील युरिया यांची परीक्षा तत्काळ करून देण्याची तयारी दाखवली, व पत्र्याचे नाव काढताच तो वर छताकडे पाहू लागला, जेथे तोच पत्रा होता. शेवटी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. कारकुनाने मजकूर दोनदा वाचला.

"छप्पर पडलंय का?"

"नाही."

"वादळानं उडालंय?"

"नाही. ते शाबूत आहे, म्हणूनच..."

"मग पडल्यावर या. पंचनामा करून टाकू." आणि त्यांनी अर्ज इतक्या मायेने परत केला की मला क्षणभर आपले छप्पर शाबूत असल्याची लाज वाटली.

अखेर परगावच्या एका खासगी प्रयोगशाळेचा पत्ता मिळाला. तिची फी ऐकून कुटुंब म्हणाले, "तेवढ्यात दोन नवे पत्रे येतील." हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि ते दोन पत्रेही पुन्हा त्याच जातीचे असतील, एवढेच काय ते त्याविरुद्ध सांगण्यासारखे होते. नमुना घेण्याची क्रिया कन्येने व्हिडिओवरून स्वतः देखरेख करून करविली. करोनाच्या दिवसांतले चांगले जाड मुखाच्छादन मी बांधले. स्वयंपाकघराची खिडकी बंद करविली. पंधराव्या नगाचा एक आधीच तडकलेला कोपरा मुक्रर केला. आणि कुटुंबाने भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेले पाणी त्यावर, कपड्यास इस्त्री करण्यापूर्वी शिंपावे तसे, शिंपडले. तुकडा कोरडा मोडावयाचा नाही, ओला मोडावयाचा, म्हणजे धूळ उडत नाही, हे या शास्त्राचे पहिले सूत्र. पकडीने मी एक रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा काढला, एका पिशवीत घातला, ती दुसऱ्या पिशवीत घातली, वर तारीख व ठिकाण लिहिले, आणि तुटलेल्या कडेवर रंगाचा एक हात ओढला. मोडलेली कड तेव्हा मी प्रथमच निरखून पाहिली होती. करड्या सिमेंटातून, म्हाताऱ्याच्या कानात असतात तसे, बारीक पांढरे केस बाहेर डोकावत होते. पन्नास वर्षांच्या परिचयात त्यांनी कधी तोंड दाखवले नव्हते.

कुरिअरवाल्याने विचारले, "काय आहे आत?"

"पत्रा."

"पत्र म्हणा की."

"पत्र नव्हे, पत्रा."

त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले, पावतीवर 'कागदपत्रे' असे लिहिले, आणि अशा रीतीने आमच्या पत्र्याचे आणखी एकदा नामांतर झाले.

प्रयोगशाळेत काय करतात तेही मी विचारून घेतले होते. भिंगाखाली चिमट्याने तंतू वेगळा काढतात, ठराविक गुणाच्या द्रवात बुडवतात, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. पांढऱ्या जातीचा अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर तो कुरळ्या केसासारखा दिसून निळ्या-जांभळ्या छटांनी उजळतो. ग्रहांचा गोल किंवा हाताची रेषा पाहून जी उत्तरे मिळतात त्यांत 'परंतु' फार असतात. येथे एकच ओळ आली : 'क्रायसोटाइल : आढळले. निष्कर्ष : पॉझिटिव्ह.' मिस्त्री समोरच उभा होता. "पॉजिटिव म्हंजी चांगलंच की सर!" असे म्हणून त्याने कटरची वायर उलगडावयास प्रारंभ केला.

त्यास थांबवणे हे या सर्व प्रकरणातील सर्वांत अवघड काम ठरले. चांगल्या स्थितीतल्या पत्र्यास शक्यतो हात लावू नये, त्यास भोक पाडू नये, तो घासू नये, कापू नये. काढणे भागच असेल तर ओला करून, हूक सोडवून, अखंड खाली उतरवावा, वरून टाकू नये, आणि प्लॅस्टिकमध्ये बांधावा, ही संहिता मी त्यास समजावून दिली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली. "म्हंजी नवी नवरी उतरवत्यात तसं," तो म्हणाला, आणि मजुरी दुप्पट सांगितली. शिवाय उतरवलेली नवरी नांदावयास कोठे पाठवावी, हाही प्रश्न होताच. घातक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणारे केंद्र पुण्याच्या वाटेवर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. परंतु तेथे कारखान्यांचा माल जातो, आणि आम्ही नगरकर आजवर रांजणगावास गेलो ते महागणपतीच्या दर्शनास. डोक्यावर चौदा पत्रे घेऊन त्या वाटेस लागलेला निवृत्त शिक्षक डोळ्यांपुढे आणून मी पडवीचा विषय बेमुदत तहकूब केला. पत्रा होता तेथेच राहिला. त्यास वरून रंगाचे दोन हात दिले, आणि पंख्यासाठी मारावयाचे भोक कायमचे नामंजूर झाले.

परंतु आपल्याकडे पत्रा कधी मरत नाही. घराचा पत्रा गोठ्यावर जातो, गोठ्याचा न्हाणीच्या आडोशास लागतो, तेथे फुटला की कोंबड्यांच्या खुराड्यावर येतो, आणि अखेरच्या तुकड्यावर दगड ठेवून कोणीतरी पाण्याची टाकी झाकतो. तेव्हा आमच्या पत्र्याची तपासणी झाल्याचे वृत्त आळीत पसरले त्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. "लॅबमधून पास झालेला पत्रा" म्हणून त्याची कीर्ती वाढली, एका शेजाऱ्याने मोटारीच्या आडोशासाठी विचारणा केली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गवळी दूध घालता घालता म्हणाला, "सर, त्यो पंधरावा पडून हाये, त्यो आमच्या गोठ्याला द्या की."

मी चरवी बाजूस ठेवावयास लावून त्यास सर्व सांगितले. तंतू सांगितला, फुप्फुस सांगितले, वीस ते चाळीस वर्षांची मुदत सांगितली. त्याने एकही प्रश्न मध्ये न घालता, मान हलवीत, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलाप्रमाणे ऐकले, आणि मग म्हणाला, "पर सर, म्हशी कुठं चाळीस वर्सं जगत्यात?"

"म्हशी नाही जगत. पण धार कोण काढतो?"

तो हसला. "आमचा जलमच पत्र्याखालचा," म्हणाला, आणि मापटे भरून वर चार थेंब अधिक घातले, कारण मनुष्यास नकार दिल्यावरही त्याच्याशी संबंध राखावयाचे असतात, हे त्यास माझ्याहून चांगले समजते.

त्या दिवशी मी वडिलांची वही काढली आणि जांभळ्या शाईतील त्या नोंदीखाली निळ्या शाईत लिहिले : 'वरील मालात अ‍ॅस्बेस्टॉस आहे. तपासून खात्री केली. चौदा नगांस भोक पाडू नये. पंधरावा नग कोणासही देऊ नये.' खाली सही केली, तारीख घातली, आणि पुढील पिढीस एक सनद करून दिल्याच्या समाधानात वही मेजावर ठेवून फिरावयास गेलो. परत आलो तो माझ्या नोंदीखाली पेन्सिलीने, कुटुंबाच्या ठसठशीत अक्षरात, आणखी एक ओळ पडली होती : 'कुरडयांसाठी नवी बाज आणणे.'

बाज आणली. आमच्या घराचे यंदा जे काही नूतनीकरण झाले, ते एवढेच.